टेकडीवरची छत्री

लखनौमध्ये वसंत फार थोडे दिवस टिकतो. फाल्गुनात काटेसावर लाल फुलांनी भरते, मलिहाबादच्या बागांत आंब्याला मोहर येतो, आणि होळीचा रंग अंगावरून निघतो न निघतो तोच ऊन चटके देऊ लागते. एप्रिलच्या अखेरीस तर दुपारी दारे-खिडक्या बंद करून घरात बसावे लागते. अशाच दिवसांत, २०२३ साली, मी इंग्लंडला गेले आणि एकाच वर्षात दुसऱ्यांदा वसंत पाहिला.

माझी धाकटी बहीण दक्षिण इंग्लंडमध्ये, ससेक्स परगण्यातील लुईस नावाच्या लहान गावात राहते. तिला तेथे जाऊन तीस वर्षे झाली. आदल्या वर्षी तिचे यजमान वारले. मुलगा नोकरीनिमित्त दूर असतो. तिने आता लखनौला यावे, हे मला तिच्यासमोर बसून बोलायचे होते. फोनवर असे विषय निघत नाहीत.

पहिले काही दिवस तिने तो विषय निघूच दिला नाही. रोज सकाळी बूट घालून ती दारात उभी राहायची आणि म्हणायची, ‘‘ताई, चल.’’ मग आम्ही शेतांमधून चालत असू. शेत कोणाच्याही मालकीचे असो, त्यातून पूर्वापार जाणारी पाऊलवाट सर्वांसाठी खुली, असा तेथला कायदा आहे. फाटक उघडावे, आत जावे आणि आठवणीने पुन्हा लावावे. आत नुकतीच जन्मलेली कोकरे आईमागे उड्या मारत असत. कुंपणाच्या काटेरी झुडपांवर पांढरी फुले आली होती. एका रानात गेलो तर बीचच्या झाडांखालची सारी जमीन निळी झालेली. ती ब्लूबेलची फुले. वरच्या झाडांना दाट पालवी फुटली की खाली ऊन पोहोचत नाही. म्हणून ही रोपे त्याआधीच घाईने फुलून घेतात. सूर्य रात्री आठनंतर मावळायचा. इतके मोठे, कोवळे दिवस मी कधी अनुभवले नव्हते. हा प्रदेश सुंदर आहे, हे मान्य करण्यात कंजुषी कशाला करावी?

समुद्रकाठची गावेही पाहिली. ईस्टबोर्नला समुद्रात खांबांवर उभारलेला लांबच लांब लाकडी धक्का आहे. गावापलीकडे खडूचे पांढरेशुभ्र कडे सरळ पाण्यात उतरतात. तेथून आम्ही ब्राइटनला गेलो आणि एका राजवाड्यासमोर मी थबकले. कांद्याच्या आकाराचे घुमट, बारीक मनोरे, जाळीच्या कमानी! हुसेनाबादच्या रस्त्यावर उभी असल्यासारखे मला वाटले. पुढे चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्रासाठी जॉन नॅश या वास्तुशास्त्रज्ञाने १८१५ ते १८२२ या काळात वाड्याला हे हिंदुस्थानी रूप दिले. लखनौच्या माणसाला त्यातील नक्कल लगेच कळते. पण नक्कल प्रेमाने केलेली आहे.

या वाड्याचा एक उपयोग मात्र नॅशच्या स्वप्नातही आला नसेल. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी शिपायांसाठी १९१४ च्या डिसेंबरात येथे रुग्णालय उघडले. सातशेहून अधिक खाटा होत्या. निरनिराळ्या धर्मांच्या आणि जातींच्या शिपायांसाठी आवारात नऊ स्वयंपाकघरे होती; हिंदू आणि मुसलमान यांच्यासाठी पाण्याचे नळही वेगळे होते. झुंबरांखाली, सोनेरी ड्रॅगनांच्या नक्षीखाली, गढवालचे आणि पंजाबचे तरुण पडून होते. डोळे उघडल्यावर आपण कोठे आहोत असे त्यांना वाटले असेल, कोण जाणे.

वाड्यापासून किनारा जवळच. वाळू नाही, सगळे गोटेच गोटे. लाट परतताना ते एकमेकांवर घासून खळखळतात. याच किनाऱ्यावर १९०९ च्या डिसेंबरात वि. दा. सावरकरांनी सागराला उद्देशून ती कविता रचली, जी पुढे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली. त्या वेळी बिपिनचंद्र पालांचे चिरंजीव निरंजन पाल त्यांच्याबरोबर होते. वडीलबंधूंना त्याच वर्षी काळ्या पाण्याची शिक्षा झालेली होती.

आमची आई रत्नागिरीची, मांडवीच्या काळ्या वाळूत खेळलेली. लग्न होऊन ती लखनौला, चारबागच्या रेल्वे वसाहतीत आली. कणीक मळता मळता ती ही कविता म्हणत असे. आम्ही बहिणींनी समुद्र पाहण्याच्या कितीतरी आधी ती कविता ऐकली होती. गोमतीच्या काठी वाढलेल्या मुलींना तिच्यातला समुद्र काय कळणार? आईचा आवाज मध्येच जड होतो, एवढे कळत असे.

दुसऱ्या दिवशी बहीण मला पॅचम गावाजवळच्या टेकड्यांवर घेऊन गेली. या टेकड्यांना डाउन्स म्हणतात. नाव असे असले तरी जावे लागते चढूनच. मोटारीचा रस्ता नाही. मेंढ्यांच्या कुरणातून चालत गेले की उतारावर संगमरवराची एक पांढरी घुमटी दिसते: आठ खांब, वर घुमट. तिला तेथील इंग्रज लोकही ‘छत्री’ म्हणतात. पुण्यातील शिंद्यांची छत्री ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको.

ब्राइटनच्या रुग्णालयांत मरण पावलेल्या हिंदू आणि शीख शिपायांपैकी ५३ जणांना या जागी अग्नी दिला गेला. रक्षा समुद्रात सोडली. मुसलमान शिपायांना वोकिंग येथील मशिदीजवळ दफन करण्यात आले. ई. सी. हेन्रिक्स या तरुण भारतीय वास्तुशास्त्रज्ञाने छत्रीचा आराखडा केला आणि १९२१ साली तिचे अनावरण झाले. शिपायांची नावे मात्र तिच्यावर नव्हती. शेजारच्या भिंतीवर ती कोरली जायला २०१० साल उजाडले.

मला आमची रेसिडेन्सी आठवली. १८५७ च्या वेढ्यात मेलेल्या इंग्रजांच्या कबरी तेथे आहेत. सर हेन्री लॉरेन्स यांचीही आहे. शिरीष आणि गुलमोहर यांच्या सावलीत त्या कबरींवरची नावे वाचत आम्ही लहानपणी हिंडत असू. हे दोन मृत्यू एका तराजूत घालता येणार नाहीत. ते राज्य राखताना मेले, हे दुसऱ्याच्या युद्धात. तरी त्या पायरीवर बसून मी वेढ्यातल्या त्या माणसांचाही प्रथमच विचार केला. त्यांनाही एप्रिलच्या त्या उन्हात ही कुरणे आठवली असतील.

मग मी बहिणीला विचारले, ‘‘अगं, आता परत ये ना. घर आहे, मी आहे.’’

ती बराच वेळ समुद्राकडे बघत राहिली. तेथून तो दूरवर, निळ्या रेघेसारखा दिसतो. ‘‘ताई, परत म्हणजे कुठे?’’ ती म्हणाली. ‘‘आईला लखनौत चाळीस वर्षं झाली. पण ‘घरी जाते’ म्हणजे तिच्या दृष्टीने रत्नागिरीच. आपण मात्र तिला लखनौची समजायचो. माझ्या मुलाला विचार, तो लुईस म्हणेल.’’

यावर मला बोलता आले नाही. आभाळात एक चंडोल गात होता. दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता. जरा वेळाने तिनेच माझा हात धरून मला उठवले.

‘‘डिसेंबरात येईन,’’ उतार उतरताना ती म्हणाली. ‘‘चौकात मख्खन-मलाई मिळायला लागली की. दोन-तीन महिने राहीन. पण ब्लूबेल फुलायच्या आत परत यायला हवं.’’

खाली फाटकापाशी एक कोकरू वाट अडवून उभे होते. तिने त्याला बाजूला सारले, मला पुढे घातले आणि फाटकाची कडी लावली.