दिवसाउजेडी शिंगाळा

संपादकांचा निरोप आला: दिवाळीच्या सुट्टीत पोरं नदीवर गळ टाकून बसतात आणि हात हलवत परततात, त्यांच्यासाठी सोप्या भाषेत लिहा. गोड्या पाण्यातल्या माशांच्या अभ्यासात माझं आयुष्य गेलं, त्यातही मिशावाल्या माशांवर जीव जास्त. पण लिहायचं तर आधी एका समजुतीशी भांडणं भाग आहे.

‘शिंगाळा रात्रीच लागतो’ हे कराडपासून सांगलीपर्यंत कृष्णेच्या काठाकाठानं ऐकायला मिळतं. शिंगाळा, शिवडा, घोगऱ्या या माशांना उजेड नकोसा असतो, एवढं खरं. पण आश्विन-कार्तिकात पूर ओसरला तरी पाण्यात गढूळपणा राहिलेला असतो, आणि दोन पुरुष खोल डोहाच्या तळाशी भर दुपारीही अंधारच असतो. तिथं मासा उपाशी बसून राहत नाही. डोळ्यांवाचून त्याचं अडत नाही. त्याच्या मिशांवर, ओठांवर, अंगाच्या कातडीवरसुद्धा चव ओळखणाऱ्या पेशींचे पुंजके असतात. शिवाय कातडीतली सूक्ष्म छिद्रं दुसऱ्या जिवाच्या अंगातली क्षीण वीज टिपतात. हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. पाण्यातला आवाज तिच्यातून थेट आत पोचतो. एवढी साधनं असलेला मासा सूर्य मावळायची वाट कशाला बघेल? रात्री तो उथळात फिरायला निघतो आणि कुठंही लागतो. दिवसा आपली कपार फारशी सोडत नाही, तोंडापाशी आलेलं खातो. म्हणून दिवसा आमिष त्याच्या दारात न्यावं लागतं. एवढी साधी गोष्ट वर्षानुवर्षं सांगतोय. लोक मान डोलावतात आणि पुन्हा बॅटरी घेऊन रात्री निघतात.

नवशिक्यानं तर रात्री जाऊच नये. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या टापूत मगरी आहेत. दिवसा त्या काठावर ऊन खाताना निदान दिसतात. जिथं मगर बसल्याच्या खुणा आहेत, तिथं दिवसाही थांबायचं नाही, आणि कुठंही पाण्यात पाय सोडून बसायचं नाही. कोयना धरणातून पाणी सोडलं की पात्र चढतं, तेव्हा आधी गावात चौकशी करावी. तलाव किंवा धरण असेल तर मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे असतो. तिथल्या भोई मंडळींना विचारल्याशिवाय गळ टाकू नये.

जागा निवडताना नदीचं वळण बघा. बाहेरच्या अंगाला पाणी काठ खात जातं, तिथं खोली असते. वाळुंजाची नाहीतर करंजाची मुळं पाण्यात उतरलेली असली, वर सावली असली, की बसा. गांडुळांचा झुबका मध्यम गळाला ओवा, वर वीतभर अंतरावर शिसं बांधा आणि आमिष तळाला टेकू द्या. तंगूस बोटावर हलका ताणून धरा. शिंगाळा आधी मिशांनी चाचपतो. बोटाला नुसती खरखर जाणवते. तेव्हा ओढलंत तर गेला. मग तंगूस एका दिशेनं सरळ सरकायला लागतं. आता ओढा, पण झटका देऊ नका.

मासा वर आला की घाईनं मूठ आवळू नका. कल्ल्यामागच्या दोन परांचे आणि पाठीच्या पराचे काटे तो ताठ करतो आणि ते सांध्यात अडकून बसतात. कल्ल्यामागच्या परांच्या काट्यांना आतून करवतीसारखे दाते असतात. ओल्या फडक्यानं, पोटाच्या बाजूनं, काट्यांच्या मागं धरायचं. शिंगी हा दुसरा मिशावाला मासा, तिचा काटा विषारी असतो, तिच्याशी नवशिक्यानं खेळू नये.

कंपनी सरकारच्या फौजेतले कर्नल साइक्स यांनी 1839 साली शिंगाळा आणि घोगऱ्या शास्त्राला ओळखीचे करून दिले, ते पुण्याच्या मुळा-मुठेतून. त्या पात्राची आजची अवस्था सांगायला नको. शिवड्याचं नाव आता जगातल्या धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे, तरी पहिल्या पावसात अंडी घालायला ओढ्यात चढलेल्या शिवड्यावर आपल्याकडे कोयते चालतात. चढणीचे मासे ही मोठी चैन समजली जाते. गाभोळीनं फुगलेली मादी मारली की पुढची सगळी पिढी त्याच ताटात संपते, हे मी गावोगाव सांगितलं आहे. उलट, मिशा दिसल्या की ‘हा बंदी घातलेला मांगूर’ म्हणून गावठी मागूर फेकून देणारेही भेटतात. 2000 साली बंदी आली ती आफ्रिकन मागुरावर. तो दीड मीटरपर्यंत वाढतो. आपला मागूर बहुधा दीड फुटाच्या आतच राहतो.

एक दृश्य मात्र नीट ओळखायला शिका. मागूर आणि शिंगी हवा घ्यायला वर येतात, तो त्यांचा स्वभावच आहे. शिंगाळ्याला तशी हवा घेता येत नाही. भर दिवसा तो पृष्ठभागावर तोंड वासत असेल, तर पाण्यातला प्राणवायू संपत आलाय, बहुधा वरच्या अंगाला कुणीतरी मळी किंवा सांडपाणी सोडलंय. लोक तेव्हा टोपल्या घेऊन धावतात आणि नशीब उघडलं म्हणतात. अशा पाण्याचे नमुने मी एका कार्यालयाकडे पाठवले होते. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. तरी सांगतो, त्या दिवशी गळ गुंडाळून ठेवा, मासे खाऊ नका, स्वच्छ बाटलीत पाणी भरून वेळ आणि जागा लिहा, फोटो काढा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्याच दिवशी कळवा. दुसऱ्या दिवशी पाणी पुढं वाहून गेलेलं असतं आणि हाती पुरावा राहत नाही.