शेरूची फळी

रायगडच्या किनाऱ्यानं दक्षिणेकडे निघालं, की रस्ता पुन्हा पुन्हा पाण्यापाशी येतो. डोंगरातून आलेल्या नद्या इथे खाड्या होऊन समुद्राला मिळतात. रेवदंड्याला कुंडलिकेवर पूल आहे. तो ओलांडून साळाव, कोर्लई, काशीद, मुरूड असं करत आगरदांड्याला पोचलं, की समोर राजपुरीची खाडी. पलीकडे दिघी. तिथं गाडीसकट जायचं तर फेरीबोटीत चढायचं. तिला इकडे ‘जंगल जेटी’ म्हणतात. नावात जंगल असलं, तरी बोटीवर झाड एकही नसतं, बरं का!

या बोटीची गंमत तिच्या तोंडाशी असते. धक्का जवळ आला, की पुढचा लोखंडी रॅम्प खाली येतो आणि सिमेंटच्या उतरत्या धक्क्यावर टेकतो. मग मोटारी, स्कूटरी, माणसं सगळी त्यावरून चालती होतात. धक्का उतरता का, ठाऊक आहे? उधाणाच्या दिवसांत इथलं पाणी भरती-ओहोटीत ३ मीटरहून जास्त वर-खाली होतं. धक्का सपाट असता, तर बोट कधी त्याच्या वर, कधी खाली राहिली असती. उतरत्या धक्क्यावर मात्र पाणी जिथं असेल तिथं बोट टेकते.

विज्ञानाच्या पुस्तकात साधी यंत्रं शिकताना तुम्ही ‘उतरण’ वाचली असेल. ती हीच. आणि गेल्या नाताळच्या सुट्टीत याच रस्त्यानं आमच्याबरोबर हरिहरेश्वरपर्यंत आला, तो शेरू नावाचा कुत्राही एका छोट्या उतरणीच्या जोरावरच आला.

शेरू माझ्या मुंबईच्या ताईचा. लॅब्रॅडोर जातीचा, ३६ किलो वजनाचा, वय वर्षं अकरा. म्हणजे कुत्र्यांमधले आजोबाच! मागच्या पायांचे सांधे दुखायचे, त्यामुळे गाडीत उडी मारणं बंद झालं होतं. उचलायला गेलं तर कळवळायचा. भावोजींची कंबरही दुखरी. म्हणून त्याला सुट्टीत दुसरीकडे ठेवायचं घाटत होतं. माझी भाची सहावीत आहे. ती म्हणाली, “शेरू येणार नसेल तर मीही येत नाही. त्यानं मला कधी एकटं ठेवलंय का?” यावर कुणालाच काही बोलता येईना.

मग डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं, की चढताना मागच्या पायांवर ताण येतो आणि उतरताना सगळा भार पुढच्या पायांवर आदळतो, म्हणून उडी नकोच; दुमडणारी फळी वापरा.

अशा फळ्या विकत मिळतात. यांनी सुताराकडून करून घेतली. जाड प्लायवुडचे ९० सेंटिमीटरचे दोन तुकडे, खालून लाकडी रिपांचा आधार, आणि मधे बिजागऱ्या. बिजागऱ्या खालच्या बाजूला. का? वजन पडलं, की दोन्ही फळ्यांच्या कडा एकमेकींवर दाबल्या जातात आणि जोड खाली वाकत नाही. वर काथ्याची चटई चिकटवली, म्हणजे नखं घसरत नाहीत. बाजूंना उंच पट्ट्या, म्हणजे पाय बाहेर जात नाही. वरचं टोक गाडीला अडकवायला हूक. आधी भावोजी स्वतः त्यावर उभे राहिले, मगच शेरूची पाळी.

आता थोडं गणित. गाडीची मागची कड जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच. फळी १८० सेंटिमीटर लांब. म्हणजे उंचीच्या तिप्पट वाट. वाट तिप्पट झाली, की घर्षण सोडून दिलं तर जोर तिसऱ्या हिश्शाएवढाच लागतो. ३६ किलोचं ओझं एकदम वर घेण्याऐवजी १२ किलोएवढा जोर पुरतो, तोही पावलापावलानं. अंतर जास्त, कष्ट कमी. उतरणीचा सौदा असा असतो!

पण फळी झाली म्हणजे कुत्रा चढला, असं नाही हं. शेरू तिच्याकडे बघून मागेच सरकला. भाचीनं त्याला ओढलं नाही. पहिले काही दिवस फळी नुसती जमिनीवर पसरलेली. तिच्यावर बिस्किटाचे तुकडे. मग एका टोकाखाली वीट. मग घरासमोरच्या पायरीवर. दोन आठवड्यांनी गाडी! ती पट्टा सैल धरून त्याच्या बाजूनं चालायची, पुढून खेचायची नाही.

मुंबईहून ही मंडळी रो-रो बोटीनं मांडव्याला आली. भाऊच्या धक्क्याहून निघणारी ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. गाडी तर येतेच, पाळीव प्राण्यांनाही नेता येतं. तासाभरात मांडवा. तिथून मीही त्यांच्यात सामील झाले.

आगरदांड्याला बोटीची वाट बघताना ऊन चढलं होतं. बंद गाडी उन्हात भट्टीसारखी तापते आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. म्हणून शेरूला खाली उतरवलं. फळीही तापली होती, तिच्यावर आधी ओलं पोतं टाकलं. बोटीचा रॅम्प खाली आला. मला वाटलं, हा इथं अडणार. इंजिनाची घरघर, लोखंडाचा खडखडाट! शेरूनं रॅम्प हुंगला, भाचीकडे पाहिलं आणि सरळ चालत बोटीत गेला. एक खलाशी काका हसून म्हणाले, “पोरी, तुझा कुत्रा तर जुना खलाशी दिसतो!”

दिघीला उतरून फळी पुन्हा उघडली. पुढे दिवेआगर, भरडखोल, शेखाडी. समुद्र अगदी रस्त्याला लागून. शेरू खिडकीत नाक लावून बसलेला. संध्याकाळी हरिहरेश्वरच्या ओल्या वाळूत तो हळूहळू चालला. पळाला नाही, ते वय गेलं. लाट पायाला लागली, की तेवढी शेपटी हलवायचा. ते पाहताना भावोजी बराच वेळ गप्प होते.

मुलांनो, तुमच्या शाळेच्या दारातही पायऱ्यांशेजारी रॅम्प असेल. चाकाच्या खुर्चीसाठी तो १ मीटर उंचीला निदान १२ मीटर लांब असावा लागतो. त्यावर सायकली लावून ठेवलेल्या असतील, तर आजच काढा बघू! आणि घरी एक प्रयोग करा. खेळण्यातल्या गाडीला रबरबँड बांधा. आधी ती सरळ वर उचला, मग कलत्या पाटीवरून ओढा. रबर कधी जास्त ताणलं जातं, ते पट्टीनं मोजा. पाटीचा उतार कमी-जास्त करून पुन्हा मोजा आणि वहीत लिहून ठेवा.