नाचणीची साथ

कोकणात बाळाला वरचं खाणं सुरू झालं की पेजेपाठोपाठ येतं ते नाचणीचं सत्त्व. मीही त्यावरच वाढले. आई नाचणी रात्रभर भिजवायची, पाट्यावर वाटायची, फडक्यातून गाळायची आणि खाली बसलेला साका उन्हात वाळवायची. चोथा गुरांना जाई. नाचणीच्या सालीत कॅल्शियम भरपूर असतं, हे पुढे वाचलं आणि घरात सबंध पिठाची भाकरी रुजली. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, तेवढ्याच तांदळात जेमतेम दहा.

गरोदरपणी कॅल्शियमची गोळी सुरू झाली. ‘लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका,’ ही नर्सताईंची ताकीद. ही गोळी हाडांइतकीच रक्तदाबासाठीही असते, हेही त्यांनीच सांगितलं. त्यामागची कथा ग्वाटेमालातली. तिथल्या माया बायका गरीब, तरी गरोदरपणी दाब वाढून येणारे झटके त्यांच्यात कमी. त्यांचा मका चुन्याच्या पाण्यात शिजवलेला असे. बेलिझान आणि विलार या डॉक्टरांनी १९८० साली हा धागा कॅल्शियमशी जोडला. आज जागतिक आरोग्य संघटना, जिथे आहारात कॅल्शियम कमी तिथे, गरोदर स्त्रीला रोज दीड ते दोन ग्रॅम द्यायला सांगते.

पन्नाशीनंतर माझाही दाब वाढला. कॅल्शियम कमी पडलं की पॅराथायरॉइडचं संप्रेरक वाढतं, रक्तवाहिन्यांच्या पेशींत उलट जास्त कॅल्शियम शिरतं आणि त्या आकसतात, असं संशोधक मानतात. पण नुसतं कॅल्शियम वाढवून वरचा आकडा सरासरी एक-दोन अंकच उतरतो. १९९७च्या ‘डॅश’ प्रयोगात फळं, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचं दूधदुभतं एकत्र आल्यावर उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचा तो अकरा अंकांनी उतरला होता. एकट्या नाचणीवर भागत नाही, म्हणून माझी दाबाची गोळी चालूच आहे. भाकरीबरोबर पालेभाजी असते, ताक बिनमिठाचं. नाचणीचा पापड मात्र मी सोडला. त्यात मीठ आणि पापडखार दोन्ही.

आपल्याकडे दूध आधी पुरुषांना आणि मुलांना मिळतं. बाईच्या वाट्याला उरलंसुरलं. तिची आठवण होते ती दिवस गेल्यावर, गोळ्यांच्या रूपाने. प्रौढ माणसाला रोज हजार मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि ती गरज गरोदरपणाच्या कितीतरी आधीपासून असते. वयात येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या ताटात नाचणीची भाकरी आणि वाटीभर दही रोज पडलंच पाहिजे.