तिकीट नसलेली दारे

आम्हा मुसलमानांच्या घरांत चित्राला जागा नसते, असे आपण सहज बोलून जातो. ते पूर्ण खरे नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही मोहल्ल्यात जा. बैठकीच्या भिंतीवर काबा आणि मस्जिद-ए-नबवीची फ्रेम असते, सोनेरी अक्षरांतली आयतुल कुर्सी असते, एखाद्या जुन्या घरात उरसातून आणलेला बुराकही असतो. भिंतीवर काही टांगावे, डोळ्यांना बरे वाटावे, ही हौस आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. हाताने काढलेल्या चित्राचाही एक बाजार असतो, त्या बाजारात आपल्या माणसांनी नाव काढले आहे, हे मात्र आमच्या मुलांना कोणी सांगितलेले नसते.

आम्ही म्हणजे एकाच मोहल्ल्यातले चौघे. जिल्हा परिषदेच्या शाळेतले दोन शिक्षक, दुकानांच्या पाट्या रंगवण्यात उमर गेलेले पेंटरमामू आणि त्यांचा नववीतला नातू. मामूंचा हात असा, की खडूने चौकोन पाडून बोटभर फोटोवरून दहा फुटी चेहरा हुबेहूब उतरवत. पुढे फ्लेक्स आला. जो बोर्ड रंगवायला चार दिवस लागत, तो छापून तासाभरात मिळू लागला. मामूंचे ब्रश रॉकेलच्या डब्यात वाळून गेले. आता तोच हात नातवाला आला आहे. वहीची शेवटची पाने बैलांनी, बोकडांनी आणि एसटी स्टँडवरच्या माणसांनी भरलेली असतात. त्याच्या अब्बांचे म्हणणे, पोराने दहावीनंतर आयटीआय करून इलेक्ट्रिशियन व्हावे. त्यांचे काही चुकत नाही. बापाचा धंदा बसलेला त्यांनी घरातच पाहिला आहे.

या पोराला निदान एकदा चित्रांचा बाजार दाखवावा, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही लातूर-मुंबई गाडीत बसलो. सकाळी सीएसएमटीला उतरलो, चहा घेतला आणि हुतात्मा चौकावरून चालत काळा घोडा गाठला. हा जुन्या मुंबईचा, फोर्टाचा भाग. इथे सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा काळा पुतळा होता, तो १९६५ साली भायखळ्याला हलवला. नाव मात्र राहून गेले. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, त्यावर स्वार कोणीच नाही. नातवाला तो फार आवडला. राजा गेला, घोडा परत आला, असे तो म्हणाला.

जहांगीर आर्ट गॅलरीपुढच्या फुटपाथवर चित्रकार आपली चित्रे मांडून बसतात, समोर बसवून माणसाचा चेहराही काढून देतात. मामू तिथेच थबकले. एकाशी रंग कुठला, कागद कुठला, दिवसाला किती चेहरे होतात, असे कामाचे बोलणे सुरू झाले. गॅलरीच्या पायऱ्यांकडे ते बघत होते, पण चढत नव्हते. "अपने वास्ते नक्को, साहब लोगां की जगा है," म्हणाले.

जहांगीर १९५२ साली उभी राहिली. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या नावाने तिला देणगी दिली. आत जायला तिकीट नाही. चित्रकार अर्ज करतो, नंबर लागला की ठरावीक दिवसांसाठी हॉल भाड्याने घेतो, स्वतः चित्रे लावतो आणि स्वतः ती विकायला उभा राहतो. आत गेल्यावर एका चित्राखाली लाल टिकली चिकटवलेली दिसली. चित्र विकले गेले की ती लावतात, हे तिथल्या तरुण चित्रकाराने सांगितले. किमती भिंतीवर नसतात, मागितली की यादी दाखवतात. मामूंनी मागितली, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली आणि मोठ्याने म्हणाले, "अरे, ये तो दुकानच है!" त्यानंतर त्यांची भीड गेली. दुकानाला ते कधीच भ्यालेले नव्हते.

खासगी गॅलऱ्यांची रीत वेगळी. तिथे गॅलरीवाला चित्रकार निवडतो, प्रदर्शनाचा खर्च करतो, गिऱ्हाईक आणतो आणि विक्रीतला मोठा हिस्सा, बहुधा निम्म्यापर्यंत, ठेवतो. जुन्या इमारतींत लाकडी जिने चढून त्या शोधाव्या लागतात. एका ठिकाणी काचेच्या दारातल्या रखवालदाराने आमच्या टोप्यांकडे आणि पिशव्यांकडे बघून विचारले, "कुणाकडे जायचंय?" चित्रं बघायचीत, एवढेच आम्ही म्हणालो. त्याने दार उघडले. हा प्रश्न आमच्या आधी आलेल्या सूटबूटवाल्यांना त्याने विचारला नव्हता, हे पोराच्याही ध्यानात आले. पण दार उघडले, हेही त्याने पाहिले.

तलवटकर मार्गावर क्वीन्स मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर केमोल्ड प्रेस्कॉट रोड आहे. तिची हकीकत ऐकून मामू खूश झाले. केकू गांधी यांचा धंदा मुळात फ्रेमांचा. १९४१ साली त्यांनी केमोल्ड फ्रेम्स काढली आणि दुकानात फ्रेमांबरोबर हुसेन, आरा अशा तेव्हाच्या नवख्यांची चित्रे मांडू लागले. १९६३ मध्ये जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर त्यांची गॅलरी झाली आणि २००७ मध्ये ती या जागेत आली. म्हणजे या मोठ्या नावाच्या मुळाशी फ्रेमवाल्याचे दुकान आहे. असे दुकान आमच्या गल्लीतही आहे.

आणि त्या दुकानातली चित्रे कोणाची? मकबूल फिदा हुसेन १९१५ साली पंढरपुरात जन्मले, आमच्या शेजारच्या जिल्ह्यात. मुंबईत त्यांनी सिनेमाची होर्डिंगे रंगवली, मामूंनी आयुष्यभर केले तेच काम. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढणाऱ्या सहा जणांत ते होते, सय्यद हैदर रझा होते आणि घरगडी म्हणून राबलेले कृष्णाजी आराही होते. सोलापूरचे आलमेलकर आपल्यापैकीच. आदिवासींचे जीवन त्यांनी लघुचित्रांच्या बारकाईने रंगवले. हुसेनांचे १९५४ चे 'ग्रामयात्रा' हे चित्र कित्येक वर्षे नॉर्वेतल्या एका इस्पितळाच्या भिंतीवर होते. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला त्याचा लिलाव झाला आणि १३८ लाख डॉलर, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपये आले. त्या दिवसापर्यंत कुठल्याही भारतीय चित्राला लिलावात एवढी किंमत आलेली नव्हती. इस्पितळाने ते पैसे डॉक्टरांच्या तालीमसाठी ठेवले.

हे ऐकून मामू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नाम इत्ता बडा हुआ, फिर बी मिट्टी परदेस की मिली." हुसेनांनी २००६ मध्ये देश सोडला, २०११ मध्ये लंडनला त्यांचा इंतकाल झाला. मामूंच्या या बोलण्यावर आम्हा दोघा शिक्षकांकडे जवाब नव्हता, आजही नाही. पोराला या वाटेवर धाडायचे तर हीही गोष्ट त्याला ठाऊक असावी, एवढे मात्र वाटते.

आमचे काही बुजुर्ग म्हणतील, तसवीर काढणेच मुळात नको. या बाबतीत उलेमांची मते एक नाहीत, आणि तो फैसला करायला आम्ही बसलेलो नाही. पण नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल ज्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधला गेला, त्याच्याच दरबारात फर्रुख बेगसारखे मुसव्विर काम करत होते. त्या दरबारची चित्रे आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. तेव्हा ही कला आपल्यात बाहेरून आली, असे तरी कोणी म्हणू नये.

परतताना आम्ही सर ज. जी. कला महाविद्यालयाच्या फाटकाशी थांबलो. ही शाळा १८५७ पासूनची. पोराने फाटकाचे गज मोजले, वहीत काढले. यंदा त्याने एलिमेंटरीची परीक्षा दिली आहे, पुढच्या वर्षी इंटरमिजिएट द्यायची म्हणतो. फी मामूंनी भरली. अब्बांचा होकार अजून नाही. पण परवा दुकानाच्या शटरवर नाव घालायचे होते, तर त्यांनी फ्लेक्सवाल्याला बोलावले नाही, पोराला रंगाचा डबा आणून दिला.

आमच्या मोहल्ल्यात असे हात आणखी असतील. पुढच्या सुट्टीत आम्ही चौघांऐवजी दहा जण जाणार आहोत. खर्च गाडीभाड्याचा आणि नाश्त्याचा. बाकी त्या दारांना तिकीट नाही.