एका टिपणाची गोष्ट

सेनापती म्हटला, की आम्हां मराठीच्या मास्तरांना आधी घोडा आठवतो, मग तलवार आणि मग पोवाडा. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरातांची ‘माझी शिपाईगिरी’ मी हातात घेतली तीही याच सवयीने.

पोवाड्याचा मालमसाला तिथे भरपूर आहे. सँडहर्स्टला शिकून १९२६ साली अधिकारी झालेला हा कोल्हापूरकडचा माणूस. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉ येथे जपान्यांशी घनघोर लढाई झाली. तिथल्या ब्रिगेडच्या तीन पलटणींचे नायक तीन हिंदी अधिकारी होते : थिमय्या, थोरात आणि सेन. तिघांनाही डी. एस. ओ. मिळाले. पुढे १९५३ साली कोरियात मायदेशी परतायला नाखूष अशा बावीस हजारांवर कैद्यांची राखण भारतीय फौजेकडे आली. तिचे प्रमुख थोरात. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरले, तेव्हा हे हत्याराशिवाय आत गेले आणि त्याला सोडवून घेऊन आले!

इथवर मी मान डोलवीत वाचले. पुढे मात्र अडखळलो.

थोरात पूर्व विभागाचे सेनापती असताना, १९५९ साली, त्यांनी ईशान्य सीमेच्या रक्षणाचे टिपण वर पाठवले. सीमेवर नुसत्या चौक्या ठेवाव्यात आणि खरी लढाई मागे, आपल्या रसदेला सोयीच्या जागी द्यावी, हा त्याचा मथितार्थ. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना तो पटला नाही. थोरातांनी मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाची लुटुपुटूची लढाई मांडून तीच गोष्ट पुन्हा दाखवली. १९६१ साली सरसेनापतिपदासाठी थिमय्यांनी त्यांचे नाव सुचवले. पद दुसऱ्याला मिळाले. थोरात निवृत्त झाले. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. ते टिपण पंडित नेहरूंनी पाहिले ते त्यानंतर.

मी पुस्तक मिटले, कारण मला माझे टिपण आठवले.

तेव्हा मी एका महाविद्यालयात नुकताच कायम झालो होतो. ग्रंथालयाच्या छपराला ओल धरली होती. प्राचार्यांसाठी मी चार ओळींचे टिपण लिहिले, आणि ‘कशाला वाईटपणा घ्या?’ म्हणून शब्दकोशात घडी घालून ठेवले. त्या पावसाळ्यात जुन्या मासिकांची दोन कपाटे भिजून लगदा झाली. ‘अरेरे’ म्हणणाऱ्यांत माझाच आवाज मोठा होता!

गोळीपुढे उभे राहणाऱ्याला पदक मिळते. वरिष्ठांना नको असलेली गोष्ट लिहून, तिच्याखाली सही करणाऱ्याला बहुधा काहीच मिळत नाही. थोरातांनी दोन्ही केले. पुढे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी सरकारी नोकरीसाठी माणसे पारखली. त्यांच्यासमोर मुलाखतीला बसलो असतो, तर त्या शब्दकोशातल्या कागदासह मी नापासच झालो असतो.

यंदा मेमध्ये मी नव्याने टिपण लिहिले. पोच घेतली. छप्पर अजून तसेच आहे. शब्दकोशातला कागद मात्र मी काढून टाकला.