शेजारी

दिवाळीच्या तोंडावर माणसाने काय काय करू नये, याची एक यादी आमच्या हिच्याजवळ कायमची तयार असते. माळ्यावरचे सामान काढू नये, पंखे उघडू नयेत, आणि चांगल्या चाललेल्या वस्तूला ‘जरा बघतो’ म्हणून हात लावू नये. गेल्या दिवाळीत मी यातले तिसरे कलम मोडले. माझ्या ऑक्टोपॅडचे फर्मवेअर बदलायला घेतले.

ऑक्टोपॅड हा शब्द आपल्याकडे ‘डालडा’सारखा झाला आहे. मूळचे ते रोलँड या जपानी कंपनीच्या १९८५ सालच्या एका वाद्याचे नाव. त्या वाद्याला स्वतःचा आवाजच नव्हता. आठ रबरी चौकोनांपैकी एकावर काठी पडली, की दुसऱ्या यंत्राला ‘तू वाज’ म्हणून सांगायचे, एवढेच त्याचे काम. (असे अधिकारी मी बँकेत पुष्कळ पाहिले.) पुढे गणपतीच्या मांडवात असो की लग्नाच्या वरातीत, आठ चौकोनांची कसलीही पेटी दिसली की लोक तिला ऑक्टोपॅड म्हणू लागले. माझा पॅड त्या घराण्यातला नव्हे. तो निराळ्याच कुळातला, २०११ साली मी सेकंडहॅण्ड घेतलेला. आमच्या कॉलनीच्या वाद्यवृंदात मी तो वाजवतो.

त्याला एक खोड होती. प्रत्येक चौकोनाखाली एक लहानशी चकती असते. काठीच्या आघाताने ती थरथरली, की किंचित वीज निर्माण होते, आणि त्यावरून आतल्या यंत्राला आघात कळतो. पण आठही चकत्या राहतात एकाच पेटीत, म्हणजे चाळीतच म्हणा ना! एका खोलीत आपटले की पलीकडची भांडी हलायची. तिसऱ्या पॅडवर मारले, की चौथाही हळूच बोलायचा. तिसऱ्यावर तबला आणि चौथ्यावर झांज असली, म्हणजे संथ लयीतल्या अभंगात काय होत असेल, याची आपणच कल्पना करावी. दिवाळी पहाटेला चार दिवस उरले होते. या खोडीवर कंपनीने फार पूर्वीच इलाज काढला असून नवे फर्मवेअर घातले की हा शेजारधर्म प्रत्येक पॅडपुरता कमीजास्त करता येतो, असे चिरंजीवांनी शोधून काढले.

मात्र सूचनापत्रात एक वाक्य ठळक छापले होते : तुम्ही स्वतः बनवलेली किटे या क्रियेत पुसली जातील.

ते वाक्य वाचून मी थबकलो. सत्तावीस नंबरचे किट माझे नव्हते. ते आमच्या कीबोर्डवादकाने २०१४ च्या दिवाळीच्या सुट्टीत बनवले होते. हा गृहस्थ शाळेत गणित शिकवायचा, आणि राहायचा माझ्या भिंतीला भिंत लावून. कारखान्यातून आलेली ढोलकी त्याला डबा वाजवल्यासारखी वाटे. रोज रात्री जेवण झाले की तो पॅड आपल्या घरी नेई आणि बारा वाजेपर्यंत ठोकत बसे. आठव्या दिवशी त्याने तो परत आणून दिला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत नाव घातले होते : ‘शेजारी’. आपल्या शेजाराची आठवण म्हणून, असा अर्थ मी घेतला. तो काही बोलला नाही. बोलणे हा त्याचा प्रांतच नव्हता. २०१९ साली तो गेला.

तेव्हा आधी सगळी किटे संगणकात उतरवून घ्यायची, असे ठरले. पॅडला बाहेरच्या जगाशी बोलायला एकच वाट, मिडीची. १९८३ सालच्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका वाद्यप्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका वायरने जोडली, आणि एकावर बोटे फिरवताच दुसरे वाजू लागले. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी या दोघांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. २०१३ साली दोघांना त्याबद्दल तांत्रिक ग्रॅमी मिळाले. पाच टाचण्यांची ती गोल खुंटी तेव्हापासून तशीच आहे. तिचा वेगही तोच : सेकंदाला ३१,२५० बिटे. आजच्या मानाने ही बैलगाडीच. पण बैलगाडी पोचते.

आमची मात्र पोचेना. वायरीच्या एका टोकावर ‘इन’ लिहिलेले, दुसऱ्यावर ‘आउट’. मी ‘इन’ला ‘इन’ जोडले. तासाभराने चिरंजीव म्हणाले, “बाबा, एकाचं तोंड ते दुसऱ्याचा कान.” उलट जोडल्यावर सामान आले. ते दोनदा उतरवून घेतले, दोन्ही नकला बिट न बिट ताडून पाहिल्या. बत्तीस वर्षे बँकेत काढलेला माणूस एकाच मोजणीवर सही करत नाही.

मग नवे फर्मवेअर पाठवायला सुरुवात केली. सहा लाखांच्या आसपास बाइट; या वायरीतून सेकंदाला ३,१२५ जातात, म्हणजे तीन मिनिटांचे काम. दुसऱ्या मिनिटाला पडद्यावर ‘एरर’ उमटले आणि पॅड मेल्यासारखा पडला. आठही चौकोन मुके. ही स्वयंपाकघरातून चकलीचा सोऱ्या हातात घेऊनच बाहेर आली, माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि काही न बोलता परत गेली. तिने बोलायला हवे होते.

चिरंजीवांनी अर्धा तास वाचन करून निदान केले. दोष वायरीचा होता. स्वस्तातल्या वायरींना लांबलचक निरोप पेलत नाहीत, मधलीच अक्षरे गळतात; आणि बेरीज जुळली नाही की पॅड पुढचे घेत नाही. त्याचे हे वागणे मला पटले. दोन बटणे दाबून धरून चालू केले, की आत एका कोपऱ्यात सुरक्षित ठेवलेला मूळचा लहानसा प्रोग्राम जागा होतो. तो जागा झाला. या वेळी फाइल दोनशे छप्पन बाइटांच्या पुडक्यांत बांधून पाठवली, प्रत्येक पुडक्यामागे सेकंदाचा पाचवा हिस्सा विश्रांती. अकरा मिनिटे लागली. तेवढा वेळ मी घरात मिक्सर लावू दिला नाही.

रात्रीचे साडेदहा झाले होते. जुनी किटे परत चढवली. अभंगाचे किट लावून तिसऱ्यावर मारले, झांज गप्प. मी खुशीत येऊन सत्तावीस नंबर काढला. नाव जागेवर होते. नेहमी मी घरी कानाला हेडफोन लावून वाजवतो. त्या रात्री स्पीकर लावला आणि थाप मारली.

ढोलकी नव्हती ती. डबा होता.

ताडलेल्या नकला पुन्हा ताडल्या. सगळे आकडे जसेच्या तसे. मग एकेक पॅड उघडून पाहू लागलो. तिसऱ्यावर ढोलकीची थाप होती. चौथ्यावर, जो त्या किटमध्ये मी कधीच वाजवत नव्हतो, एक खोल, मऊ घुमारा अगदी बारीक आवाजात ठेवलेला होता. मी त्याकडे पाहतच राहिलो. ज्या खोडीला मी आठ-दहा वर्षे शिव्या दिल्या, तिलाच त्याने कामाला लावले होते. तिसऱ्यावर थाप पडली, की हादऱ्याने चौथा हुंकार भरी, आणि दोन मिळून ढोलकी होई. थाप जोराची असेल तसा हुंकारही मोठा. आणि नाव तर त्याने सरळ लिहूनच ठेवले होते!

त्या एका किटमध्ये चौथ्या पॅडचा नवा बंदोबस्त मी शून्यावर आणला. जुन्या नोंदींत ते कलमच नसल्याने यंत्राने आपल्या मनाने तिथे आकडा भरला होता. पुन्हा थाप मारली. घुमली. मग बराच वेळ वाजवत बसलो. किती, ते कळले नाही. झोपलेल्या चिरंजीवांनी दार लावून घेतल्याचे तेवढे आठवते.

सकाळी शेजारच्या वहिनी फराळाचे ताट घेऊन आल्या. ताट हिच्या हातात देता देता मला म्हणाल्या, “रात्री ढोलकी काढली होतीत ना?”

“उशीर झाला जरा. झोपमोड झाली का तुमची?”

“छे हो,” त्या म्हणाल्या. “आधी काहीतरी बिघडलं होतं. नंतर बरोबर लागली.”