मधला चौकोन

सकाळी साडेसहा, छत्रपती संभाजीनगरचा क्रांती चौक. चहाच्या गाडीवर पहिलं आधण ठेवलेलं. ९० मिमीची लेन्स, ॲपर्चर २, माणूस दोन मीटरवर. चार फ्रेम नुसत्या डोळ्यांनी काढल्या, चार व्ह्यूफाइंडरला मॅग्निफायर लावून. रोल धुऊन आला तेव्हा पहिल्या चारांतल्या दोन फ्रेमांत डोळे मऊ आणि कानाची पाळी धारदार निघाली. मॅग्निफायर लावलेल्या चारांत तीन वेळा पापण्या मोजता येतील अशा आल्या. आठ फ्रेमांवरून नियम बांधू नये, हे मला ठाऊक आहे. तरी त्या दिवसापासून हे सव्वा पटीचं भिंग माझ्या खिशात असतं.

*

ज्यांनी रेंजफाइंडर हाताळलेला नाही त्यांच्यासाठी. या कॅमेऱ्यात लेन्समधून पाहायचं नसतं. वर डाव्या कोपऱ्यात वेगळी खिडकी असते. तिच्यातून सगळं कायम स्पष्टच दिसतं, फोकस असो वा नसो. मधोमध एक उजळ चौकोन असतो, त्यात दुसऱ्या छोट्या खिडकीतून आलेली प्रतिमा पडते. लेन्सची रिंग फिरवली की ती प्रतिमा आडवी सरकते. दोन्ही एकावर एक बसल्या की फोकस झाला. म्हणून उभी रेघ शोधायची : खांब, दाराची कड, नाकाचा उतार. आडव्या रेघेवर काहीच कळत नाही.

*

हिशेब करून पाहिला. लायका एम६ मध्ये दोन खिडक्यांतलं अंतर ६९ मिमीच्या थोडं वर, व्ह्यूफाइंडर ०.७२ पट. गुणाकार केला की कामाला येणारी आधाररेषा साधारण ५० मिमी. शाबूत डोळ्याला एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा फरक कळतो असं धरलं तर दोन मीटरवर पुढे-मागे सव्वादोन सेंटिमीटरची चूक नजरेतून सुटते. ९० मिमी, ॲपर्चर २, अंतर दोन मीटर, तर स्पष्टतेची सगळी पट्टी साडेपाच सेंटिमीटरची. म्हणजे जेमतेम. सव्वा पटीचं भिंग लावलं की आधाररेषा ६२ मिमी होते आणि चूक दोन सेंटिमीटरच्या आत येते. १९५४ च्या एम३ चा व्ह्यूफाइंडर मुळातच ०.९१ पट होता, त्यामुळे भिंग लावून आपण जवळपास त्याच जागी पोचतो.

आणखी एक : ही चूक अंतराच्या वर्गाने वाढते. अंतर दुप्पट, तर चूक चौपट.

*

याच तत्त्वावर तोफखान्याची अंतरमापकं चालत. बार अँड स्ट्राउड या ब्रिटिश जोडीने १८८८ पासून ती बनवली. यामाटो या जपानी युद्धनौकेवरच्या अंतरमापकाची आधाररेषा १५ मीटर होती. मोजणीदाराला विचारा, तोही सांगेल : आधाररेषा लांब, तर त्रिकोण भरवशाचा. आपल्या कॅमेऱ्यात ती लांबवायला जागा नाही. उरतो एकच मार्ग, कोन मोठा करून पाहणे.

*

इथून अजिंठा सुमारे शंभर किलोमीटर. तिथे रॉबर्ट गिल या लष्करी चित्रकाराने लेण्यांच्या चित्रांच्या नकला करण्यात आयुष्य घालवलं. त्यातल्या बऱ्याच १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. आगीच्या आधीच त्याच्या हाती कॅमेरा आला होता. स्थापत्याचा इतिहासकार फर्ग्युसन याच्याबरोबरचं त्याचं १८६४ चं पुस्तक स्टिरिओ छायाचित्रांचं आहे : दोन जागांवरून घेतलेली एकाच खांबाची दोन चित्रं, डोळ्यांपुढे धरली की खोली दिसते. दोन प्रतिमांतला हाच फरक गिलने जपून ठेवला. आपण रिंग फिरवून तो मिटवतो. मराठवाड्यात कॅमेरा हाती धरणाऱ्याने गिलची आठवण ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

*

क्रांती चौकात मी इतका का येतो? इथे उभ्या रेघा आहेत आणि माणसं आहेत. सत्तावनच्या उठावातल्या शिपायांना इथल्या काळ्या चबुतऱ्यावर मृत्युदंड दिला गेला. ९ ऑगस्ट २०१६ ला मराठा क्रांती मोर्चाचा पहिला मूक मोर्चा इथूनच निघाला. उड्डाणपूल झाल्यावर शिवाजी महाराजांचा जुना पुतळा त्याच्यापुढे ठेंगणा दिसू लागला, म्हणून २०२२ मध्ये नवा उंच अश्वारूढ पुतळा बसवला. चौथऱ्याची उभी कड फोकससाठी अगदी नामी आहे.

*

१९ फेब्रुवारी, रात्र. शिवजयंती. ढोलांनी छाती हादरते, भगव्या झेंड्यांमागून फोकसलाइटचे झोत. भिंग लावूनच गेलो होतो आणि तासाभरात काढून ठेवलं.

कारण लिहून ठेवतो. ३५ मिमीची चौकट भिंगातून पुरी दिसत नाही, कडा पाहायला डोळा फिरवावा लागतो. रेंजफाइंडरचं खरं देणं म्हणजे चौकटीबाहेरचं दिसणं : कोण आत येतोय, कोणाचा हात उंचावतोय, टिपरू कधी पडणार. भिंग नेमकं तेच कापतं. वर थोडा उजेडही खातं. गर्दीत ३५ ला चार मीटरवर ठेवून ॲपर्चर ८ ला बंद केलेलं बरं. उजेड पुरत नसेल तर ५.६. तिथे भिंगाचं कामच नाही. ढोलपथकातल्या एका मुलीचा चेहरा मात्र ९० ने, भिंग लावून घेतला. तिने वर पाहिलं, दोन कपाळं एक झाली, आणि शटर दाबलं. त्या रात्रीची तीच फ्रेम मी मोठी करून घेतली.

*

१.४ पटीचं भिंगही मिळतं. लायका ते ७५ मिमीपासून पुढच्या लेन्सांसाठी सुचवते. ०.७२ ला १.४ ने गुणलं की जवळजवळ बरोबर १ येतं. म्हणजे दोन्ही डोळे उघडे ठेवले तर चौक आहे तेवढाच दिसतो आणि त्यावर चौकट तरंगते. एका ओळखीच्यांचं लावून पाहिलं. फार सुंदर अनुभव. पण रोज वापरायचं तर सव्वाचंच.

*

भिंग काय करत नाही, हे मी महागात शिकलो. एका विक्रेत्याकडून जुना कॅमेरा घेतला, फोटो सारखे चुकत होते. वाटलं, आपली नजर गेली. म्हणून भिंग घेतलं. मग दोन प्रतिमा आणखी नेटक्या जुळायला लागल्या आणि फोटो तितकेच चुकत राहिले. रेंजफाइंडरच सरकलेला होता. भिंग दिसणं मोठं करतं, यंत्रातली चूक दुरुस्त करत नाही. परीक्षा सोपी आहे : रिंग अनंतावर टेकवा आणि जालना रोडवरचा निदान अर्ध्या किलोमीटरवरचा खांब पाहा. तो दोन दिसला तर आधी दुरुस्ती.

*

चाळिशीनंतरच्यांसाठी. व्ह्यूफाइंडरमधली प्रतिमा डोळ्यापासून दोनेक मीटरवर असल्यासारखी दिसते. तिथे वाचनाचा चष्मा चालत नाही, दूरचा नंबर लागतो. आधी नंबर तपासा, मोतीबिंदू आहे का पाहून घ्या, भिंगाचं नंतर. धूसर प्रतिमा सव्वा पट केली तर धूसरपणाच सव्वा पट होतो.

*

वडील लग्नाचे फोटो याशिका इलेक्ट्रो ३५ वर काढत. त्याला भिंग लावायला आटेच नाहीत. मधला चौकोन फिका पडला तेव्हा त्यांनी मोठ्या खिडकीच्या काचेवर बरोबर मध्यावर रंगीत जिलेटीन कागदाचा बारीक तुकडा चिकटवला. बाहेरची प्रतिमा तेवढ्यापुरती मंद झाली आणि चौकोन उठून दिसू लागला. तो तुकडा अजून आहे.

असे कॅमेरे आपल्याकडच्या किती कपाटांत पडून आहेत! तुमच्या घरी असेल तर भंगारात घालण्याआधी एवढं करा : आत जुनी बॅटरी असेल तर काढा, गच्चीवर जा, रिंग अनंतावर फिरवा आणि लांबचा खांब पाहा. तो एकच दिसला, तर त्यात रोल घाला.